एका नावाखाली सहा कृमी

समजा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहा तापमापी आहेत. सहाही दिसायला अगदी सारखे, सहांवर एकाच कारखान्याची चिठ्ठी. पण प्रत्येकाच्या अंशांची आखणी मात्र वेगळी. एका गटाने कोमट पाण्याचे तापमान ४० अंश लिहिले, दुसऱ्याने ५२, तिसऱ्याने ३५. प्रयोग सर्वांनी काळजीपूर्वक केला, तरी उत्तरे जुळत नाहीत. दोष मुलांचा नाही, पाण्याचाही नाही. सहा निरनिराळ्या उपकरणांना आपण एक उपकरण समजलो, एवढेच.

सागरविज्ञानात असा प्रकार खरोखर घडला आहे. तेथे उपकरण काचेचे नव्हते, जिवंत होते. समुद्राच्या तळच्या चिखलात राहणारा, दोऱ्यासारखा बारीक, तांबडा कृमी म्हणजे हे उपकरण. त्याचे शास्त्रीय नाव कॅपिटेला कॅपिटाटा. हे एक नाव म्हणजे प्रत्यक्षात किती प्राणी, हे कसे शोधून काढले ते आज आपण पाहू. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पदार्थविज्ञानाच्या माणसाने कृम्यांच्या भानगडीत का पडावे, याचे उत्तर तुम्हांला लेखाच्या मध्यावर मिळेल.

तेल सांडले आणि कृमी वाढले

१६ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्ट फाल्मथ या गावाजवळ 'फ्लोरिडा' नावाचा तेलवाहू तराफा खडकावर आदळला. त्यातील सुमारे साडेसहा ते सात लाख लिटर इंधन तेल समुद्रात गेले. किनाऱ्यालगतचे मासे, शेवंडे, शिंपले आणि चिखलातील असंख्य लहान जीव मेले. वुड्स होल येथील प्रसिद्ध सागरविज्ञान संस्था तेथून जवळच असल्याने तेथील शास्त्रज्ञांना तळाच्या चिखलाचे नमुने लगेच घेता आले. पुढेही त्यांनी ते वरचेवर घेतले.

त्या नमुन्यांत एक गोष्ट ठळकपणे दिसली. जेथे जवळजवळ सर्व प्राणी नाहीसे झाले होते, तेथे कॅपिटेला मात्र प्रचंड संख्येने वाढला होता. पुढे इतर प्राणी परतू लागले, तसतशी त्याची संख्या घसरली. आपल्याकडे ओसाड पडलेल्या जागेवर प्रथम टाकळा आणि गाजरगवत माजते, त्यातलाच हा प्रकार.

हा अनुभव एकट्या वेस्ट फाल्मथचा नव्हता. सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी आणि बंदरांच्या काळ्या गाळात ठिकठिकाणी हा कृमी सापडत असे. त्यामुळे कॅपिटेला कॅपिटाटा हा प्रदूषणाचा 'दर्शक प्राणी' मानला जाऊ लागला. चिखल चाळायचा, कृमी मोजायचे आणि पाणी किती बिघडले याचा अंदाज घ्यायचा. रसायनांच्या तपासणीपेक्षा ही पद्धत स्वस्त आणि सोपी.

परंतु मोजमापाचा पहिला नियम काय? उपकरण कोणते आहे, ते आधी नीट ठाऊक हवे.

शरीर काय सांगते?

कॅपिटेला हा आपल्या गांडुळाचा दूरचा नातेवाईक. दोघेही वलयी प्राण्यांच्या, म्हणजे ॲनेलिडा संघातले. ओटो फॅब्रिशियस या डॅनिश धर्मोपदेशकाने ग्रीनलँडमध्ये राहून तेथील प्राण्यांचा अभ्यास केला आणि १७८० साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या कृमीला त्याने गांडुळाच्याच प्रजातीत घातले होते. आजचे प्रजाती-नाव त्याला नंतर मिळाले.

अशा कृमीची ओळख पटवायची तर तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. डोक्याचा आकार कसा, पुढच्या जाड भागात वलये किती, प्रत्येक वलयावर दृढरोम कोणत्या प्रकारचे, हे पाहावे लागते. दृढरोम म्हणजे कातडीतून बाहेर आलेले ताठ, सूक्ष्म केस. काही दृढरोम साध्या केसासारखे टोकदार असतात, तर काहींचे टोक आकड्यासारखे वळलेले असून त्यावर पातळ टोपी असते. कॅपिटेलाच्या नराला आठव्या आणि नवव्या दृढरोमधारी वलयांवर जाड काट्यांसारखे खास दृढरोम असतात.

ही सर्व लक्षणे महत्त्वाची आहेत. पण कॅपिटेलाच्या बाबतीत अडचण अशी, की त्याचे शरीर फारच साधे आहे. डोक्यावर लांब मिशा नाहीत, पाठीवर कल्ले नाहीत, वल्ह्यांसारखे पाय नाहीत. चिखलात बिळे करून राहणाऱ्याला या गोष्टींची अडगळच व्हायची. लक्षणे थोडी, त्यातून वयाप्रमाणे दृढरोमांची मांडणी बदलते आणि नमुना जतन करताना शरीर आक्रसते ते वेगळेच. त्यामुळे ग्रीनलँडच्या बर्फाळ किनाऱ्यापासून उष्ण कटिबंधातील बंदरांपर्यंत सापडलेले कृमी एकाच नावाखाली नोंदले गेले.

शरीर नेहमी याच दिशेने फसवते असे नाही. वाळूत आणि खडकांत राहणाऱ्या नेरीस या कृमीचे उदाहरण घ्या. प्रजोत्पादनाचा काळ आला की त्याचे डोळे मोठे होतात, पाय पोहण्याजोगे रुंद होतात आणि तो तळ सोडून पाण्यात पोहू लागतो. एकोणिसाव्या शतकात या रूपाला वेगळी प्रजाती समजून हेटेरोनेरिस असे निराळे नाव दिले गेले होते! म्हणजे येथे एका प्राण्याला दोन नावे, तर कॅपिटेलाच्या बाबतीत अनेक प्राण्यांना एक नाव. शरीर हा साक्षीदार महत्त्वाचा खरा. पण त्याची साक्ष पडताळून पाहण्यासाठी दुसरा, स्वतंत्र साक्षीदार हवा.

विद्युत् क्षेत्रातील शर्यत

हा दुसरा साक्षीदार पदार्थविज्ञानाच्या वाटेने आला.

विद्युत् क्षेत्रात ठेवलेल्या विद्युत्‌भारित कणावर बल कार्य करते. भार जितका जास्त, तितके बल जास्त. कण द्रवात किंवा जेलीसारख्या पदार्थात असेल तर त्याला विरोधही होतो. बल आणि विरोध समान झाले की कण स्थिर वेगाने सरकू लागतो. समजा, जेलच्या २० सेंटिमीटर लांब वडीच्या दोन टोकांना २०० व्होल्टचा विद्युत् दाब दिला. आत मीटरला १००० व्होल्टचे क्षेत्र तयार होते. आता एकाच रेषेवर ठेवलेले निरनिराळे प्रथिनांचे रेणू आपापल्या भारानुसार आणि आकारानुसार कमीअधिक अंतर कापतील. काही तासांनी वीज बंद केली की ही शर्यत जेथल्या तेथे थांबते. या पद्धतीला विद्युत् संचारण म्हणतात. ती विकसित केल्याबद्दल स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांना १९४८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तर १९५५ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज यांनी त्यासाठी स्टार्चची जेल वापरण्याची युक्ती शोधली.

प्राण्याच्या पेशींत शेकडो विकरे, म्हणजे एंझाइमे असतात. विकर हे प्रथिनच होय. ते कसे बनवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते. जनुकात किंचित बदल झाला की प्रथिनातील एखादे ॲमिनो अम्ल बदलते, आणि कधी कधी त्याबरोबर रेणूचा विद्युत्‌भारही बदलतो. भार बदलला की शर्यतीतील अंतर बदलते. जेलवर योग्य रसायन आणि रंगद्रव्य टाकले, की ते विकर जेथे पोचले असेल तेथे रंगीत पट्टा उमटतो. म्हणजे जनुक न पाहताही जनुकातला फरक मोजपट्टीने मोजता येतो.

आता खरी गंमत पाहा. प्रत्येक प्राण्याकडे अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. जनुकाची 'अ' आणि 'ब' अशी दोन रूपे आहेत असे समजा. एका चिखलातून ४० कृमी घेतले आणि त्यांत दोन्ही रूपे सारख्या प्रमाणात निघाली. हे सर्व कृमी आपापसांत मुक्तपणे प्रजनन करत असतील, तर संभाव्यतेच्या नियमाने सुमारे १० कृमी 'अअ', १० 'बब' आणि २० 'अब' असायला हवेत. 'अब' कृमीच्या जेलवर दोन्ही रूपांच्या खुणा एकत्र दिसतात.

समजा, प्रत्यक्षात २० 'अअ' निघाले, २० 'बब' निघाले आणि 'अब' एकही नाही. निव्वळ योगायोगाने असे होईल का? एक कृमी 'अब' नसण्याची शक्यता १/२. चाळीसही तसे नसण्याची शक्यता म्हणजे १/२ चा चाळिसावा घात, म्हणजेच सुमारे एक लाख कोटींत एक! तेव्हा सरळ निष्कर्ष हा, की एकाच चिखलात शेजारी शेजारी राहूनही 'अ' आणि 'ब' यांच्यात लग्नसंबंध होत नाहीत. त्या दोन निराळ्या जाती आहेत, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या कितीही सारख्या दिसोत.

१९७६ चा निष्कर्ष

ज्युडिथ ग्रासल आणि फ्रेडरिक ग्रासल या वुड्स होलच्या शास्त्रज्ञ दांपत्याने कॅपिटेलावर हीच पद्धत वापरली. १९७६ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्याला आपण कॅपिटेला कॅपिटाटा म्हणतो, त्यात किमान सहा जाती दडलेल्या आहेत. अशा दिसायला सारख्या पण प्रजननाने विभक्त असलेल्या जातींना 'सहोदर जाती' म्हणतात.

विकरांच्या पट्ट्यांनी गट पाडून दिल्यावर त्या कृम्यांच्या जीवनक्रमाकडे पाहिले तेव्हा तेथेही फरक दिसले. कॅपिटेलाची मादी आपल्या नळीत अंडी सांभाळते. पण अंड्यांचा आकार आणि पिल्ले बाहेर पडण्याची तऱ्हा जातीजातीत वेगळी. काहींचे डिंभ अंड्यातील पिवळ्या बलकावरच जगतात आणि थोडा वेळ पोहून चिखलात उतरतात. काहींचे डिंभ पाण्यात राहून सूक्ष्म जीव खात वाढतात, तर काहींत पोहणारी अवस्था जवळजवळ नसतेच. म्हणजे रेणूंनी जी विभागणी दाखवली तीच विभागणी प्राण्यांच्या राहणीनेही दाखवली. एकमेकांशी न बोलता दोन साक्षीदारांनी सारखीच हकिकत सांगावी, तसे हे झाले.

आता सुरुवातीचे तापमापी आठवा. ज्या जातीचे डिंभ लगेच तळाला बसतात, ती जाती आहे त्याच जागी झपाट्याने वाढेल. ज्या जातीचे डिंभ दूर वाहून जातात, ती लांबच्या उजाड जागेवर आधी पोचेल. एका प्रयोगशाळेने एका जातीवर तेलाचा परिणाम तपासला, दुसरीने दुसऱ्या जातीवर, आणि दोघींनी वर नाव एकच लिहिले, तर त्यांच्या आकड्यांचा मेळ कसा बसणार? त्या आकड्यांवरून समुद्रात किती घाण सोडलेली चालेल हे ठरवायचे असेल तर चूक कागदावरच राहत नाही. ती मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोचते.

अक्षरे वाचणारा साक्षीदार

विद्युत् संचारणाने जनुकातले सगळेच फरक दिसत नाहीत. ज्या बदलाने प्रथिनाचा भार बदलत नाही तो निसटतो. पुढे डी.एन.ए.ची अक्षरे प्रत्यक्ष वाचता येऊ लागली. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये डी.एन.ए.च्या छोट्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत शोधली. त्याबद्दल त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता कृमीच्या शरीराचा तिळाएवढा तुकडाही पुरतो. तंतुकणिकेतील एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग प्राण्यांच्या ओळखीसाठी नेहमी वाचला जातो.

दोन समूहांचे प्रजनन एकमेकांपासून तुटले की प्रत्येकात निरनिराळी उत्परिवर्तने साठत जातात. एकाच पोथीच्या नकला दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या, तर प्रत्येक गावच्या नकलेत वेगळे हस्तदोष शिरतील; तसेच हे. अक्षरांतले फरक मोजून कोण कोणाच्या किती जवळचा, याचा वंशवृक्ष मांडता येतो.

मात्र येथे सावध राहायला हवे. इतके टक्के फरक म्हणजे नवी जाती, असा सर्वांना लागू पडणारा आकडा निसर्गाने ठरवून दिलेला नाही. शिवाय तंतुकणिकेचा डी.एन.ए. सामान्यतः केवळ आईकडून येतो. म्हणजे तो घराण्याची अर्धीच हकिकत सांगतो. म्हणून केंद्रकातील जनुकेही वाचावी लागतात आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे यावे लागते. 'जनुकांनी वेगळे दाखवलेले हे दोन गट शरीरानेही कोठे वेगळे आहेत का?' असे विचारून पाहिले की पूर्वी दुर्लक्षित राहिलेला एखादा दृढरोम किंवा डोक्याचा आकार एकदम लक्षात येतो.

नमुना कसा जतन करायचा यालाही त्यामुळे महत्त्व आले. फॉर्मॅलिनमध्ये शरीराचा आकार चांगला टिकतो, पण डी.एन.ए. खराब होतो. अल्कोहोलमध्ये डी.एन.ए. टिकतो, पण शरीर आक्रसते. म्हणून कृमीचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये आणि उरलेले शरीर फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्याची चाल आहे. दोन साक्षीदार, दोन बाटल्या. आणि दोन्हींवर एकच क्रमांक.

बारसे ३३ वर्षांनी

सहा जाती सापडल्या, पण त्यांना नावे द्यायची कशी? खरा कॅपिटेला कॅपिटाटा कोणता हे ठरल्याशिवाय बाकीच्यांना नवे म्हणता येत नाही. प्राण्याच्या नावाशी एक प्रत्यक्ष नमुना जोडलेला असतो. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्रमाण किलोग्रॅम तुम्ही वाचला असेल. २०१९ पर्यंत जगातील सर्व वजने शेवटी त्याच्याशी ताडून पाहिली जात. प्ररूप नमुन्याचे काम तसेच. फॅब्रिशियसच्या कृमीचा असा नमुना उपलब्ध नव्हता.

जेम्स ब्लेक यांनी २००९ साली पश्चिम ग्रीनलँडमधील कृम्यांचा बारकाईने अभ्यास करून मूळ जातीचे नव्याने वर्णन केले आणि तिच्यासाठी नवा प्ररूप नमुना नेमला. मोजपट्टी हाती आली. त्याच वर्षी ब्लेक, ज्युडिथ ग्रासल आणि केविन एकेलबार्गर यांनी, तोवर 'कॅपिटेला जाती क्रमांक १' एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या कृमीला कॅपिटेला टेलेटा हे नाव दिले. १९७६ ते २००९, म्हणजे ओळख पटल्यापासून बारशाला ३३ वर्षे लागली! हा कृमी प्रयोगशाळेत सहज वाढतो. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या किनाऱ्यावर

हा प्रश्न भारताला परका नाही. पिएर फॉव्हेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा भारत आणि शेजारच्या देशांतील बहुरोमी कृम्यांवरचा मोठा ग्रंथ १९५३ साली निघाला. त्यात युरोपात प्रथम वर्णिलेल्या कृम्यांची अनेक नावे आपल्या किनाऱ्यांवरील कृम्यांनाही लावलेली दिसतात. आंध्र विद्यापीठातील ए. व्ही. रामन आणि पी. एन. गणपती यांनी विशाखापट्टणम् बंदरातील प्रदूषणाचा तळाच्या कृम्यांवर होणारा परिणाम अभ्यासला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. तेथेही दूषित भागात कॅपिटेला कॅपिटाटाची नोंद आहे. ग्रीनलँडच्या थंड समुद्रातील कृमी आणि बंगालच्या उपसागरातील उबदार बंदराचा कृमी खरोखर एकच का, हा प्रश्न आता तुम्हीही विचाराल.

शरीर आणि जनुके दोन्ही तपासून भारतात नवी जाती ठरवल्याचे उदाहरणही आहे. केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडलेल्या एका कृमीला २०१२ साली नामॅलिकॅस्टिस जया असे नाव देण्यात आले. त्याच्या कोणत्याच पायाच्या वरच्या भागावर दृढरोम नाहीत. पण हे लक्षण आणखी निदान दोन जातींत आढळते. म्हणून अभ्यासकांनी खालच्या दृढरोमांच्या पात्यांची धार तपासली आणि शिवाय डी.एन.ए.च्या आधारे त्याचे नाते पाहिले. नवे नाव दिले ते मग.

करून पाहा

एका पिशवीत ५० लाल आणि ५० पांढरे मणी टाका. न पाहता एक मणी काढा, रंग लिहा, मणी परत टाका आणि पुन्हा एक काढा. ही झाली एका कृमीची जोडी. अशा ४० जोड्या लिहा. मिश्र जोड्या किती आल्या? मग लाल मणी एका पिशवीत आणि पांढरे दुसऱ्या पिशवीत घालून प्रत्येक पिशवीतून २० जोड्या काढा. आता मिश्र जोड्या किती? शेवटी ९० लाल आणि १० पांढरे मणी एकाच पिशवीत घाला. या वेळी ४० जोड्यांत मिश्र जोड्या साधारण किती येतील, ते आधी गणिताने काढा आणि मगच पिशवीत हात घाला.

तुमच्या वहीतील तक्ते मित्राला दाखवा, पण पिशव्या दाखवू नका. तक्त्यावरून पिशवी एक होती की दोन, हे त्याला ओळखता आले, तर चिखलात न उतरताही ग्रासल दांपत्याची युक्ती तुम्हां दोघांना कळली असे समजा.